पंचवीस ‘तलंगा’ घेतल्या, त्यातल्या एकोणीस आरवल्या

आधी आकडे सांगते, म्हणजे हसणाऱ्यांचं हसून होईल. एक महिन्याच्या पंचवीस कडकनाथ तलंगा (म्हणजे अजून अंडी न घालणाऱ्या कोवळ्या माद्या), 220 रुपयांना एक, 5,500. पाच नर, 150 प्रमाणे 750. टेम्पोचे 350. वर खाद्याच्या दोन गोणी, 4,300. एकूण 10,900 रुपये. हाती आल्या चार कोंबड्या, आणि त्याही कडकनाथ नव्हेत.

माणूस फोनवर भेटला. कडकनाथचं मूळ ठिकाण, मध्य प्रदेशातलं झाबुआ, 2018 साली मिळालेलं भौगोलिक मानांकन, काळं मांस, सगळं घडाघडा बोलला. 2019 मध्ये सांगली जिल्ह्यात इस्लामपूरकडे कडकनाथच्या नावाने केवढी फसवणूक झाली ते मलाही माहीत होतं. पण तिथे लोकांनी अंडी परत विकत घेण्याच्या वायद्यावर पैसे गुंतवले होते. मी तर जागेवरच पैसे देऊन डोळ्यांसमोर पिल्लं घेणार होते. यात कसली फसवणूक, असं वाटलं.

म्हापशाला शुक्रवारच्या बाजाराच्या दिवशी बोलावलं. टेम्पोत पिल्लांची पाटी होती. ऊन तापलेलं, पिल्लं चोच उघडून धापा टाकत होती. त्यातल्या एकाची जीभ मला दिसली. गुलाबी. चक्क गुलाबी. कडकनाथची जीभ जांभळट-काळी असते, पाय आणि तळवेसुद्धा लिहायच्या पाटीच्या दगडासारखे काळपट, हे मी आदल्याच रात्री वाचलं होतं. पायांकडे बघितलं तर पिवळट झाक. मी विचारलंसुद्धा. तो म्हणाला, "वहिनी, ही गोल्डन जात. मोठी झाली की काळी पडतात." कडकनाथमध्ये सोनेरी छटेचा प्रकार खरोखरच असतो, म्हणून मी गप्प बसले. सोनेरी छटा पिसांना असते, जिभेला नाही, हे तेव्हा सुचायला हवं होतं! पण मागे तीन गिऱ्हाइकं उभी होती. आता वाटतं, तीही त्याचीच असावीत.

नर-मादी कशी ओळखली? पिल्लू पाय धरून उलटं टांगलं, मान वर उचलली की मादी. मी बीएस्सी झालेली बाई, आणि मान डोलावत बघत राहिले. तुम्ही हा खेळ बघितलात तर तिथूनच परत फिरा. पंख पसरून दाखवतात तेही तसलंच. पंखांवरून ओळख पटते ती त्यासाठीच पैदास केलेल्या जातींत, तीही पहिल्या एक-दोन दिवसांत. हॅचरीत शिकलेला माणूस एक दिवसाच्या पिल्लाचं गुदद्वार तपासतो, ते आपलं काम नव्हे.

घरी आल्यावर सासूबाईंनी पाटीत एकदाच डोकावलं. "अगो, तुरे बघ ह्यांचे. हे सगळे कोंबे." मी म्हटलं, आई, ह्या वेगळ्या जातीच्या आहेत. आता त्या विषयावर त्या काही बोलत नाहीत, तेच जास्त लागतं.

अकराव्या आठवड्यात पहाटे चारला पहिला आरवला. पंधरवड्यात एकोणीस ‘तलंगा’ आणि पाचही नर आरवायला लागले. दोन पिल्लं आधीच मेली होती. शेपटीच्या बुडाशी लांब, अणकुचीदार, चकचकीत पिसं आली की शंकाच नको, नर. तेवढे दिवस थांबून मोठ्या तलंगाच घ्या, महाग पडल्या तरी.

तक्रार करायला गेले. आउटपोस्टवरच्या हवालदाराने विचारलं, "बिल आहे?" नाही. "मग माल मिळाला ना? कोंबडे तर कोंबडे." दुसरा हसून म्हणाला, शागोती (कोंबडीचा रस्सा) करा. सायबरवाल्यांचं म्हणणं, पैसे तुम्हीच मोबाईलवरून पाठवलेत, वस्तूही मिळाली, आमच्यात बसत नाही. पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगितलं, आम्ही रोग बघतो, जातीचा दाखला देत नाही. ग्राहक तक्रारीसाठी विचारलं तर तिथेही पुन्हा बिलच मागितलं. चार खेपा, दोन रजा, आणि प्रत्येक टेबलावर तेच हसू. बाजारात टेम्पोवर कोंबडी विकणारा बिल देतो का हो कुणाला? तरीही मागा. नाही म्हणाला तर पाटी तिथेच ठेवा.

बावीस कोंबडे चिकनवाल्याने 110 रुपये किलोने नेले. सव्वीस किलो, 2,860. गावठी म्हणून घ्या म्हटलं तर त्याने नुसतं माझ्याकडे बघितलं. दोन ठेवलेत.

परवा बहिणीने एक फोटो पाठवला, कुणीतरी पुढे ढकललेला. ‘शुद्ध कडकनाथ तलंगा, समाधानी ग्राहक, गोवा.’ मागे आमची तुळस, आमचं निळं पिंप. पहिल्याच आठवड्यात मीच त्याला पाठवला होता, ‘पिल्लं छान आहेत, थँक्यू भाऊ’ असं लिहून.