चाकण की बुटीबोरी?
दुसरं युनिट टाकताना पुण्यातल्या लघुउद्योजकाला हा प्रश्न पडतोच: पुण्याजवळची चाकणची औद्योगिक वसाहत, की नागपूरजवळची बुटीबोरीची? सरकारचं झुकतं माप बुटीबोरीला: उद्योगांना कराचा काही भाग परत देणाऱ्या राज्याच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेत मागास तालुक्यांना जास्त परतावा, शिवाय विदर्भाला वीजदरात सवलत. चाकणला जागा महाग, त्यात तळेगाव चौकातली कोंडी.

तरी गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्याने चाकणच धरावं. सकाळी डाय (भागाला आकार देणारा साचा) तुटली तर जवळच्या भोसरीत लगेच दुरुस्तीला टाकता येते. हीट ट्रीटमेंट (भाग तापवून कडक करणं), प्लेटिंग (धातूचा मुलामा), साचे बनवणारी टूलरूम, सगळं हाकेच्या अंतरावर. ही साखळी आपोआप नाही उभी राहिली, पाया सरकारने घातला. १९५४ मध्ये पिंपरीत केंद्र सरकारची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये औद्योगिक वसाहती उभारणारं राज्याचं महामंडळ, एमआयडीसी. विदर्भालाही सवलतींइतकीच अशा साखळीची गरज आहे, आणि ती सरकारने मनावर घेतली पाहिजे.

माल देशभर पाठवायचा असेल, तर मात्र बुटीबोरीच. नागपूर मध्यावर आहे.