ओपन-ओसीडी: आधी लगीन कोंढाण्याचं
बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) आमचं छोटं युनिट आहे, भट्ट्यांचे टेंपरेचर कंट्रोलर बनवतो. बोर्डावर एसटीएम३२एफ१०३ ही मायक्रोकंट्रोलर चिप, हातात एसटी-लिंक, म्हणजे चिप पीसीला जोडणारा प्रोब, आणि जीडीबी या डिबगरचं (प्रोग्राममधल्या चुका शोधायच्या साधनाचं) म्हणणं चिपपर्यंत पोचवणारा ओपन-ओसीडी हा फुकटचा सर्व्हर. चार वर्षं रोज वापरतेय.

२००५ च्या सुमाराला ऑग्सबुर्गच्या एका जर्मन विद्यार्थ्याच्या पदवी-प्रबंधातून हे निघालं, आणि वळण अजून तेच आहे. ना खिडकी, ना बटण. टर्मिनलवर काय लिहाल ते, आणि कुठल्या क्रमानं लिहाल ते.

सर्व्हर सुरू करताना त्याच्या नावापुढे पर्याय लिहायचे. डॅश एफ म्हणजे कॉन्फिग फाइल: एक इंटरफेसची, म्हणजे प्रोबची, एक टार्गेटची, म्हणजे चिपची. डॅश एस म्हणजे त्या फाइली कुठे शोधायच्या. डॅश सी म्हणजे थेट हुकूम. एफ आणि सी दोन्ही दिले नाहीत तर तो चालू फोल्डरमधली ओपनओसीडी डॉट सीएफजी उचलतो. आम्ही प्रत्येक मॉडेलच्या फोल्डरमध्ये ती ठेवलीय, म्हणून नव्या मुलाला एकच शब्द टाइप करायला शिकवावं लागतं.

आता मुद्द्याचं. गेल्या पावसाळ्यात एका व्यापाऱ्याकडून चिपांचा नवा ट्रे आला, स्वस्तात. पहिलाच बोर्ड लावला आणि सर्व्हर अडला: अनएक्स्पेक्टेड आयडीकोड (चिपचा ओळख-क्रमांक अनपेक्षित), २बीए०१४७७. खाली त्याला काय हवं होतं तेही लिहिलेलं, १बीए०१४७७. मुलगा म्हणाला, "बेन, चिप मरी गई." मेली नव्हती, नकली होती. छपाई अस्सलसारखी, आतला माल दुसऱ्याच कुणाचा.

ट्रे परत गेला, पण तीन बोर्ड आधीच सोल्डर झालेले. ते निदान तपासायला उठवायचे होते. उपाय म्हणजे डॅश सी देऊन त्यात सीपीयूटॅपआयडी (अपेक्षित ओळख-क्रमांक) २बीए०१४७७ असा सेट करायचा. मी तो ओळीच्या शेवटी जोडला. फरक शून्य. अर्धा तास केबल बदलतेय, पिना घासतेय! मग टार्गेटची फाइल उघडली तेव्हा डोक्यात शिरलं: हा आकडा आधीच ठरलेला आहे का, ते ती फाइल वाचली जातानाच पाहते. नसला तर आपला अस्सलवाला धरून पुढे. म्हणजे माझा हुकूम पोचला तोवर गाडी सुटलेली. आधी लगीन कोंढाण्याचं, मग रायबाचं: डॅश सी आधी, टार्गेटचा डॅश एफ मग. लगेच जोडला गेला.

हीच याची ताकद, आणि माझी तक्रारही हीच. पैसे देऊन घेतलेल्या जे-लिंक या दुसऱ्या प्रोबच्या सर्व्हरला चिपचं नाव, एसडब्ल्यूडी (दोन तारांची जोडणी) आणि स्पीड सांगितलं की बहुतेक वेळा काम होतं, तिथे क्रमाची भानगड नाही. इथे डावीकडून उजवीकडे जसं लिहाल तसं तो करतो, आणि "तुमचा हुकूम उशिरा आला" असं एका अक्षरानं सांगत नाही.

डॅश डीचीही एक खोड आहे. लॉगची, म्हणजे नोंदींची, पातळी आपसूक २ असते. ३ केली की प्रत्येक पायरी दिसते, पण ३ हा आकडा डीला चिकटूनच हवा. मध्ये जागा सोडलीत तर तो त्याला भलताच उपरा शब्द समजून चिडतो. डॅश एलनं लॉग फाइलीत वळवला की पडदा गप्प होतो. पहिल्यांदा मला वाटलं हँग झालं, चहा ओतून घेऊन परत आले तरी तसंच.

दोन टेबलांवर दोन बोर्ड, पण पीसी एकच असेल तर पोर्ट बदला: जीडीबीचा ३३३३, टेलनेटचा (हातानं हुकूम द्यायचा) ४४४४, टीसीएलचा (स्क्रिप्टचा) ६६६६. एकच बदललात तर सर्व्हरची दुसरी प्रत पत्ता आधीच वापरात असल्याचं सांगून बाहेर पडते. तिन्ही बदलायचे, आणि प्रत्येक एसटी-लिंकचा सिरियल नंबरही द्यायचा, नाहीतर दोघी एकाच प्रोबवर झडप घालतात.

फ्लॅश करायला (चिपमध्ये कोड भरायला) प्रोग्राम, फाइलीचं नाव, व्हेरिफाय, रीसेट, एक्झिट असा सगळा हुकूम एकाच डॅश सीमध्ये, अवतरणचिन्हांत. अवतरणं विसरलात तर प्रत्येक शब्द सुटा पडतो. मुलगा आठवड्यातून एकदा विसरायचा. शेवटी पूर्ण ओळ कागदावर काढून टेबलाला चिकटवली, आणि गेल्या महिन्यात शेठनी ती लॅमिनेट करून आणली.