फायरक्लेचं फार्महाउस सिंक: वर्षभर भांडी घासल्यावर

स्वयंपाकघर नव्याने करून घेताना मी सगळ्यात जास्त वेळ घालवला तो सिंक निवडण्यात, आणि आता वर्ष होत आलं तरी त्या वेळेचं मोल रोज जाणवतं. मी घेतलं ते पांढऱ्या फायरक्लेचं, म्हणजे खूप तापवून भाजलेल्या चकाकीदार मातीचं, एकाच कप्प्याचं, ७६ सेंमी म्हणजे ३० इंची. फार्महाउस सिंकची पुढची भिंत ओट्याखाली लपत नाही, समोर उघडी राहते. नेहमीच्या सिंकपुढे ओट्याची जी चार बोटं रुंद पट्टी असते ती इथे नसते, त्यामुळे सिंक थेट पोटाशी येतं. फोटोत आपल्याला ती पांढरी दर्शनी बाजू भुरळ घालते. रोजच्या कामात मात्र तिच्यापेक्षा खोली, पाणी जाण्याच्या भोकाची जागा आणि ओट्याशी जुळणारा सांधा या तीन गोष्टी जास्त बोलतात.

आधी खोली, कारण कंबर तिच्यावर अवलंबून आहे. या प्रकारची बरीच सिंकं २५ सेंमीच्या आसपास खोल असतात. ओटा ८५ ते ९० सेंमी उंच धरला तर तळ येतो ६०-६५ सेंमीवर, म्हणजे मांडीच्या मध्यावर. माप कागदावर वाचून काही कळत नाही. मी तेवढ्या उंचीच्या स्टुलावर पातेलं ठेवलं आणि भांडी घासल्यासारखे हात फिरवून पाहिले. पाच मिनिटांत पाठीने उत्तर दिलं आणि मी आतून २० सेंमी खोलीचं घेतलं. तळाला स्टीलची जाळी ठेवली की भांडं आणखी दोनेक सेंमी वर येतं. पुढची पट्टी नसल्यामुळे हात सरळ खाली जातात, खांदे पुढे ओढले जात नाहीत. भांड्यांचा मोठा ढीग उपसायचा असेल त्या दिवशी हा फरक सगळ्यात जास्त कळतो. घरात उंच माणूस असेल तर खोल सिंकच्या नादी लागूच नका.

पट्टी नाही म्हणजे पाणी अडवायलाही काही नाही, हेही खरं. पुढच्या काठावर साचलेलं पाणी दर्शनी भिंतीवरून ओघळतं, खालच्या कडेशी थेंब होऊन थांबतं आणि तिथून कपाटाच्या दाराच्या वरच्या कडेवर पडतं. तो थेंब मी कित्येकदा निरखून पाहिला आहे. जिथे पडतो ती दाराची कड सहसा सर्वांत दुर्लक्षित असते. प्लाय उघडा राहिला तर तिथूनच फुगायला सुरुवात होते. सुताराकडून ती कड नीट बंद करून घ्या आणि सिंकच्या दोन्ही बाजूंना लाकूड टेकतं तिथे सिलिकॉन भरून घ्या. निवडतानाच काठावर बोट फिरवून पाहा: आतल्या बाजूला किंचित उतार असेल तर अर्धं पाणी आपोआप आत जातं. माझ्या सिंकला तो आहे, तरीही भांडी झाल्यावर काठ फडक्याने पुसायचा हे ठरलेलं.

भोक मी मागच्या कोपऱ्यात असलेलं घेतलं. मोठं पातेलं मधोमध ठेवलं तरी पाणी तुंबत नाही आणि खालचा पाइप मागे सरकल्याने कपाटात कचऱ्याचा डबा उभा राहतो. पण फायरक्लेचा तळ बराच सपाट असतो. बसवण्याआधी सिंक समपातळीत ठेवून त्यात तांब्याभर पाणी ओता आणि ते कुठे थांबतं ते पाहा.

आता फायरक्लेच का, ते सांगते. ही माती १२०० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजतात, त्यामुळे चकाकीचा थर मातीशी एकजीव होतो. ओतीव लोखंडावर एनॅमल चढवलेलं सिंकही तितकंच देखणं दिसतं, पण त्याचा टवका उडाला की उघड्या लोखंडाला गंज धरतो. तांबं सुंदर, मात्र त्याचा रंग सतत बदलत राहतो आणि आंबट काही सांडलं की तिथे लखलखीत डाग पडतो. ज्यांना तो बदल आवडतो त्यांनीच घ्यावं. स्टेनलेस स्टील सर्वांत सोयीचं आणि हलकं. त्यात गेजचा आकडा जितका कमी तितका पत्रा जाड, म्हणून १८ पेक्षा १६ बरं. फायरक्लेला हात लावला की जो गुळगुळीत, भरीव स्पर्श होतो तो मला इतर कशात मिळाला नाही.

तो भरीवपणा वजनातही असतो. या मापाचं सिंक रिकामं असताना ४५-५० किलो भरतं. आतली जागा ७० बाय ४० बाय २० सेंमी धरली तर काठोकाठ भरल्यावर ५६ लिटर पाणी, म्हणजे आणखी ५६ किलो. हा भार ओट्याच्या दगडावर टांगता येत नाही, खालून चौकट लागते. आमच्याकडे लोखंडी अँगलची चौकट केली आणि सिंक तिच्यावर बसवलं. दुसरं म्हणजे माती भाजताना आकसते, त्यामुळे छापील मापात दोन टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो. ७६ सेंमीत तो दीड सेंमी होतो. म्हणून सिंक प्रत्यक्ष घरात आल्याशिवाय दगड कापू देऊ नका, कारागीर कितीही घाई करोत.

दगडाची कड सिंकच्या काठापेक्षा किंचित आत काढायची, बाहेर काढायची की बरोबर जुळवायची, हे त्याच वेळी ठरतं. काठ उघडा ठेवला तर तिथे पायरी तयार होते आणि तिच्यावर ओला मळ साचतो. दगड पाच-सहा मिमी पुढे आणला तर सांधा डोळ्यांआड जातो आणि बोटांच्याही. मी जुळती कड घेतली, म्हणजे सिलिकॉनची रेघ दिसते आणि काळी पडायला लागली तर वेळीच कळतं.

डागांचं म्हणाल तर हळद, चहा, कॉफी यांचं काही राहत नाही. खरा त्रास राखाडी रेघांचा. ॲल्युमिनियमचं पातेलं तळाशी घासत ओढलं की पेन्सिलीसारखी रेघ उमटते. पाहणाऱ्याला तो ओरखडा वाटतो, पण चकाकी शाबूत असते. भांड्याचा धातू वर चिकटलेला असतो. मऊ घासणी पावडर ओल्या फडक्यावर घेऊन गोल चोळलं की निघतो. तारेची घासणी मात्र लांब ठेवा. जड पाण्याचे पांढरे डाग पातळ व्हिनेगरने जातात. उकळतं पाणी ओतताना मी गार नळ सोबत चालू ठेवते, कारण अचानक ताप लागला तर चकाकीत केसासारख्या तडा जाऊ शकतात.

काचेचं भांडं हातातून सुटलं तर फुटतं, इथे स्टीलसारखी माया नाही. जाळी ठेवल्याने ते पुष्कळ टळतं, फक्त तिचे रबरी पाय आठवड्याला उचलून खालचं धुवावं लागतं. आवाज मात्र कमालीचा कमी. नळाची धार पडते तेव्हा पत्र्याचा खणखणाट नसतो. माझ्या सिंकला ओव्हरफ्लोचं भोकही आहे, म्हणजे सिंक भरलं तर जादा पाणी काठावरून न सांडता त्यातून निघून जातं. त्याच्या आतल्या पोकळीत वास धरतो, म्हणून बाटली घासायचा ब्रश आणि गरम पाणी अधूनमधून फिरवावं लागतं.

जुना ओटा तसाच ठेवून हे बसवायचं मनात असेल, तर दर्शनी बाजू आखूड असलेले नमुने मिळतात, ते जुन्या कपाटात फारशी तोडफोड न करता बसतात. त्याआधी भिंतीतल्या सांडपाण्याच्या पाइपची उंची मोजून घ्या. सिंक खोल झालं की त्याचं भोक खाली येतं, आणि भिंतीतलं तोंड त्याहून वर राहिलं तर पाणी निघणार नाही. ते तोंड खाली घ्यायला भिंत फोडावी लागते, तेव्हा हे माप सिंक पसंत करण्याआधीच प्लंबरकडून घेतलेलं बरं.