बोटीच्या बुडाला लावायचा रंग: पेंटला पाचपैकी चार, माझ्या निर्णयाला दोन

आधी रेटिंग सांगून टाकतो, म्हणजे घाईवाले मोकळे. पेंट चांगला आहे, पाचपैकी चार. पण तो मी लावायला हवा होता का, याला पाचपैकी दोन, आणि तेही स्वतःवर जरा दया दाखवून.

माझी बोट फायबरग्लासची, सतरा फुटी, मागे एकच आउटबोर्ड (बाहेरून लावलेलं इंजिन). ट्रेलरवर राहते, सकाळी पाण्यात जाते, संध्याकाळी परत ट्रेलरवर. तीन वर्षं असंच चाललेलं आणि बूड अगदी पांढरंशुभ्र होतं, कारण परत आल्यावर गोड्या पाण्याने धुवायचं, मऊ ब्रश फिरवायचा, विषय संपला. मग एका सीझनला ओळखीतल्या एकाचा मूरिंग बॉय (बोट बांधून ठेवायचा पाण्यातला तरंगता गोळा) तीन आठवडे रिकामा होता, म्हटलं रोज रोज रॅम्पवर रांग लावण्यापेक्षा राहू दे पाण्यातच. खारं पाणी, गरम दिवस. तिसऱ्या दिवशी हात घातला तर बुळबुळीत, आठवड्यात वॉटरलाइनला (पाणी जिथवर येतं त्या रेषेला) हिरवी झालर, आणि तीन आठवड्यांनी बाहेर काढली तेव्हा टाचणीच्या डोक्यापासून तुरीएवढे बार्नेकल, म्हणजे कवचवाले, चिकटून बसणारे समुद्री प्राणी. हा प्राणी पण अजब आहे, पिल्लू असताना शिंगांवर चालत चालत जागा बघतं, पसंत पडली की डोकं खाली करून सिमेंटसारखा चिकट पदार्थ सोडतं आणि मग आयुष्यभर उलटं राहून पायांनी अन्न ओढतं. प्लास्टिकच्या खरवडणीने ते निघाले, पण प्रत्येकाच्या जागी एक पांढरी गोल चकती जेलकोटला (फायबरग्लासवरच्या गुळगुळीत थराला) चिकटून राहिली, ती घालवायला ॲसिडवाला हल क्लीनर लागला आणि माझे दोन रविवार. तेवढ्या रागात मी बॉटम पेंटचा, म्हणजे बुडाला काही चिकटू न देणाऱ्या तांबंवाल्या रंगाचा डबा आणला. रागात घेतलेले निर्णय कसे असतात ते माहितीच आहे.

आता पेंटबद्दल. ढोबळ मानाने यात दोन जाती. एक हार्ड, म्हणजे कडक थर तसाच राहतो आणि त्यातलं तांबं हळूहळू पाण्यात झिरपतं. दुसरा अॅब्लेटिव्ह, तो साबणाच्या वडीसारखा झिजत जातो, रोज नवा पृष्ठभाग, रोज ताजं तांबं. घोळ असा की कडकवाला बराच काळ कोरडा राहिला की वरच्या थराचं ऑक्सिडेशन होऊन त्याचा दम जातो, आणि ट्रेलरवाली बोट तर जास्त वेळ कोरडीच असते. अॅब्लेटिव्हपैकी बरेचसे बाहेर काढून परत पाण्यात टाकले तरी चालतात (डब्यावर लिहिलेलं असतं, वाचाच), पण तो मऊ, आणि ट्रेलरचे बंक (बोट ज्यांवर टेकते त्या लांब पट्ट्या) त्याला दर वेळी घासतात. थोडक्यात, जो कोरडं राहणं सोसत नाही तो घासणं सोसतो आणि जो कोरडं राहणं सोसतो तो घासणं सोसत नाही. मधलेही प्रकार मिळतात, पण मी अॅब्लेटिव्ह घेतला.

डबा उचलला तेव्हाच कळलं की आत धातू आहे, आकाराच्या मानाने भलताच जड. झाकण उघडलं तर वर पातळ तेलकट द्रव आणि तळाशी चिखलासारखा लाल गाळ, तोच क्युप्रस ऑक्साइड, तांब्याचं संयुग, म्हणजे ज्यासाठी पैसे मोजलेत तो माल. तो नीट वर येईपर्यंत ढवळायचा, हात दुखेपर्यंत ढवळायचा, नाहीतर पहिला अर्धा डबा नुसता रंग आणि शेवटचा नुसता चिखल. किती लागेल याचा हिशोब सोपा, लांबी गुणिले रुंदी गुणिले 0.85. माझे साधारण 9 चौरस मीटर झाले, एका लिटरात जवळपास एक हात होतो, दोन हात द्यायचे आणि वॉटरलाइनला व पुढच्या कडेला तिसरा, कारण झीज तिथेच जास्त.

लावणं हे काम नाहीच, तयारी हे काम आहे. आधी सॉल्व्हंटने मेण काढायचं, साच्यातून आलेलं मेण जेलकोटवर असतं आणि ते न काढता सँडिंग केलं तर पेपर ते मेण आत घासून बसवतो आणि वर पेंट धरत नाही. मग 80 नंबरचा पेपर. जेलकोट एकदा का 80 ने घासला की तुम्ही पूल ओलांडून तो जाळलेला असतो, हे त्या वेळी कोणी मोठ्याने सांगत नाही म्हणून मी सांगतोय. नंतर मन बदललं तर सगळा पेंट उतरवायचा, खालचं घासलेलं बूड परत चकाकवायचं, आणि पेंट उतरवताना उडणारी धूळ विषारी, त्यामुळे ओलं सँडिंग, चांगला रेस्पिरेटर, अंगभर सूट, खाली प्लास्टिक. लावायला एक वीकेंड लागला तर काढायला किती लागतील ते तुम्हीच धरा.

आणि बंक! बोट ट्रेलरवर असताना बंकखालची जागा दिसतच नाही. मी हुशार, म्हटलं बाकी सगळं करून घेऊ, ते दोन पट्टे नंतर बघू. जॅक लावून बोट उचलून, आधार हलवून ते पट्टे रंगवायला पाहिजे होते. नाही केलं. पुढच्या वेळी पाच आठवडे पाण्यात ठेवली, बाहेर काढली तेव्हा सगळं बूड स्वच्छ, नुसता हलका चिकट थर जो हाताने पुसला जात होता, आणि बरोब्बर त्या दोन पट्ट्यांवर बार्नेकलची ओळ, पट्टी लावून आखल्यासारखी. पेंट काम करतो याचा यापेक्षा चांगला पुरावा मी पैसे देऊनही मिळवू शकलो नसतो. म्हणून चार. एक मार्क कापला तो वास आणि मऊपणासाठी.

पण हे झालं पाच आठवड्यांचं. वर्षातले उरलेले सत्तेचाळीस आठवडे बोट ट्रेलरवरच. तिथे या पेंटचा उपयोग शून्य आणि त्रास रोजचा. बोटीला टेकलं की पँटला लाल, हात लावला की तळव्याला लाल, बंकवरचं कार्पेट लाल, रॅम्पवर बोट चढवताना घासून खाली पडणारं पाणी लाल. जिथे बंक घासतात तिथे दुसऱ्या सीझनला खालचा पांढरा दिसायला लागला. आधी ब्रश मारून दहा मिनिटांत होणारी बोट आता जोरात घासता येत नाही, कारण घासलं की पेंटच जातो. बरं, विकायला काढली तर बघायला येणारा पहिला प्रश्न विचारणार, ही पाण्यातच असायची का? आणि मी सांगणार नाही हो ट्रेलरवरच, आणि तो मान डोलावणार पण विश्वास ठेवणार नाही.

तर माझं मत काय, की बोटीकडे बघू नका, रात्री मोजा. सलग किती रात्री पाण्यात राहणार? एक-दोन, वीकेंडच्या तीन-चार, तर पेंटचं नावही काढू नका, बुडाला मेण लावा आणि आल्या आल्या धुवा, शेवाळ ओलं असताना निघतं, वाळलं की भांडतं. आठवडाभर असेल तरी मी लावणार नाही, मधे एकदा पाण्यात उतरून मऊ ब्रशने पुसून घेईन. दोन आठवड्यांच्या पुढे, खारं आणि कोमट पाणी असेल, आणि हे दर वर्षी होणार असेल, तर लावा, बिनधास्त लावा. पाणी गोडं आणि थंड असेल तर ही रेघ बरीच पुढे सरकते, तिथे बार्नेकल नसतातच, शेवाळच जास्त. महिनोन् महिने पाण्यात राहणार असेल तर खाली इपॉक्सीचा बॅरियर कोटही द्या, कारण जेलकोटमधून पाणी हळूहळू आत शिरून फोड येतात, ते रंगाने थांबत नाही. आणि माझ्यासारखे एकदाच तीन आठवडे ठेवणारे असाल तर त्या एका वेळेसाठी मधेच बोट बाहेर काढून धुणं कितीतरी स्वस्त. हे मला आता कळतंय.

अजून एक, जिथे लावायचा नाही त्या जागा. झिंकच्या ॲनोडवर (स्वतः गंजून बाकीचे धातूचे भाग वाचवणारा तुकडा) नाही, नाहीतर तो कामच करणार नाही. फिशफाइंडरच्या ट्रान्सड्यूसरवर (पाण्यात आवाजाच्या लहरी सोडणारा भाग) सॉल्व्हंटवाला पेंट नाही, त्याचा पुढचा पृष्ठभाग खराब होतो, तिथे त्याच्यासाठीचा वॉटर बेस्ड मिळतो. टेपची रेघ आखताना बोट पूर्ण सामान आणि माणसं घालून एकदा पाण्यात तरंगवा, पाणी कुठवर येतं तिथे खूण करा आणि दोन-तीन सेंटिमीटर वर टेप लावा. मी रिकाम्या बोटीची खूण धरली आणि मागच्या बाजूला, जिथे इंजिन आणि मी असे दोन जड आयटम बसतो, हिरवी मिशी कायम रंगाच्या वर.

मूरिंगवर एक जुने बोटवाले भेटतात, ते म्हणतात पूर्वीचा पेंट असा होता की काही चिकटायची हिंमतच करायचं नाही. खरं आहे, त्यात टिन असायचं, टीबीटी (ट्रायब्युटिलटिन) नावाचं विषारी संयुग. त्याने शिंपल्यांची वाट लावली, फ्रान्सने 1982 मध्येच 25 मीटरपेक्षा लहान बोटींवर तो बंद केला आणि 2008 पासून आंतरराष्ट्रीय करारानेच बंदी. तेव्हा काका, तो गेला तो बरं झालं. तांबंही काही साधू नाही, म्हणून गरज नसताना पाण्यात सोडायचं कशाला, हाही एक मुद्दा आहेच.

उरलेला अर्धा डबा पडून आहे. माझा एक मित्र मागतोय, त्याची बोट ॲल्युमिनियमची. दिला नाही. क्युप्रस ऑक्साइड आणि ॲल्युमिनियम खाऱ्या पाण्यात एकत्र आले की बॅटरी तयार होते आणि ॲल्युमिनियम खाल्लं जातं, त्याला वेगळा पेंट लागतो आणि खाली प्रायमर. त्याला 1761 ची गोष्ट पण सांगितली, ब्रिटिश नौदलाने एचएमएस अलार्म जहाजाच्या बुडाला तांब्याचे पत्रे ठोकले, किडे-शेवाळ लांब राहिले, पण पत्रे जिथे लोखंडी खिळ्यांना लागत होते तिथले खिळेच गंजून गेले. माझ्या आउटबोर्डचा पायसुद्धा ॲल्युमिनियमचाच आहे, म्हणून मी ट्रान्समवर (बोटीच्या मागच्या सपाट भिंतीवर) ब्रॅकेटभोवती दोन-तीन सेंटिमीटर पट्टी कोरी सोडलीय. मित्राने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, तुला द्यायचा नाहीये असं सरळ सांग ना.