नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षिफेरीचा अनुभव

नाशिकहून पहाटे निघून संध्याकाळपर्यंत नांदूर मध्यमेश्वर अभयारण्य दाखवून आणणाऱ्या एका छोट्या पक्षिनिरीक्षण सेवेबरोबर डिसेंबरमध्ये एका रविवारी गेलो होतो. माणशी 1,200 रुपयांत नाशिकच्या द्वारका चौकापासूनचा प्रवास, दुर्बीण आणि मार्गदर्शन मिळते. वाटेतली मिसळ ज्याने त्याने आपल्या खर्चाने खायची. गाडी साडेपाचऐवजी सव्वासहाला आली आणि पक्ष्यांच्या हालचालीची उत्तम वेळ निफाडच्या द्राक्षबागा पाहण्यात गेली. मला दिलेल्या दुर्बिणीची दोन भिंगे एकमेकांशी जुळत नव्हती, त्यामुळे पाण्यावरचा प्रत्येक वारकरी पक्षी मला जोडीनेच दिसत होता. एवढे असूनही ही फेरी मी पुन्हा करीन, आणि त्याचे कारण एकच, सोबतचा मार्गदर्शक.

गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरील बंधाऱ्यामुळे तयार झालेली ही पाणथळ जागा 2019 मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आली. महाराष्ट्रातील ती पहिलीच. चापडगावच्या मनोऱ्यावरून आम्ही थापटे आणि तलवार बदके मोजत होतो, तोच सगळा थवा एकदम पाण्यावरून उठला. मार्गदर्शकाने तिपाईवरची मोठी दुर्बीण शांतपणे वळवली आणि वाळलेल्या बाभळीवर बसलेला बहिरी ससाणा दाखवला. प्रौढ पक्ष्याच्या पोटावर आडवे पट्टे असतात. याच्या छातीवर उभ्या तपकिरी रेघा होत्या आणि पाठही तपकिरी होती, म्हणजे तो त्याच वर्षी जन्मलेला. त्याने दोनदा बदकांवर झेप घेतली आणि दोन्ही वेळा रिकाम्या पायांनी परतला. गटातील मुले हसली.

मी विचारले की, सैबेरियाच्या टुंड्रा प्रदेशात जन्मलेले हे पिल्लू उडता येऊ लागताच दक्षिणेची वाट का धरत नाही, आधी इकडेतिकडे का भटकते? यावर मिळालेल्या उत्तरासाठी मी पूर्ण शुल्क पुन्हा द्यायला तयार आहे. पिल्लू साधारण सहा आठवड्यांचे झाले की घरट्यातून उडते, पण त्यानंतरही काही आठवडे आईबाप त्याला भरवतात. हवेतच भक्ष्य सोडून ते झेलायला लावतात. हा आधार सुटत जातो तशा पिल्लाच्या फेऱ्या लांबतात, आणि त्यांना ठरलेली दिशा नसते. काही उत्तरेकडेही जातात, काही जन्मस्थळाकडे परतून पुन्हा निघतात. आईबापांच्या हद्दीत शिकार वाटून घ्यावी लागते, तर बाहेर अननुभवी, नुकतीच उडू लागलेली बदके आणि चिखलपक्षी सापडतात, ज्यांच्यावर हात बसवता येतो. शिवाय पुढे दोन-तीन वर्षांनी घरट्यासाठी कडा शोधायचा असतो, त्यासाठी मुलूख डोळ्यांखालून गेलेला बरा. माद्या नरांपेक्षा दूरवर पांगतात आणि त्यामुळे सख्ख्या नात्यातील जोड्याही टळतात.

मला सर्वात पटला तो मार्गदर्शकाचा पुढचा मुद्दा. भटकणे ही स्थलांतराची तालीम आहे असे आपण सहज धरून चालतो. पण सह्याद्रीच्या कड्यांवर घरटे करणारा शाहीन, म्हणजे बहिरीचाच स्थानिक भाऊबंद, लांबचे स्थलांतर करत नाही, तरीही त्याची पिल्ले मोठी झाली की पांगतातच. तेव्हा पांगणे आणि स्थलांतर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उत्तरेकडच्या पिल्लांत त्या फक्त पाठोपाठ येतात. दक्षिणेची दिशा उपजत असते, आईबाप वाट दाखवायला बरोबर नसतात. 2021 मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या संशोधनात आर्क्टिकमधील 56 ससाण्यांचा उपग्रहाद्वारे माग काढला होता आणि लांब पल्ल्याच्या स्थलांतराचा संबंध दीर्घकालीन स्मृतीशी निगडित असलेल्या एडीसीवाय 8 या जनुकाशी जोडला होता, हेही त्याने सांगितले. बहिरीच्या शास्त्रीय नावातील ‘पेरेग्रिनस’ या शब्दाचा अर्थच परदेशी, वाटसरू. कड्यावरच्या घरट्यातून पिल्लू काढणे अवघड, म्हणून जुने पारधी ते वाटेत पकडत, त्यावरून हे नाव. आपल्याकडच्या शिकारी ससाणे पाळणाऱ्यांत मात्र मादीला बहिरी आणि नराला बहिरी बच्चा म्हणत.

आयोजकांनी वाटलेल्या पत्रकावर ‘बहिरी’ म्हणून छापलेले चित्र तांबूस पोटाच्या शाहीनचे आहे. ही चूक मार्गदर्शकाने स्वतःहून सांगितली, पण छापणाऱ्यांच्या कानावर ती अद्याप गेलेली दिसत नाही. एका मार्गदर्शकामागे चौदा माणसे हेही फार झाले. मागे उभ्या असलेल्यांना अर्धेच ऐकू आले.

जाणाऱ्यांनी शक्यतो स्वतःची दुर्बीण न्यावी, आणि नोंदणी करताना मार्गदर्शक कोण असेल ते विचारून घ्यावे. दुपारचे जेवण शुल्कात नाही. मनोऱ्यावर ऊन लागते, पण तिथून लवकर उतरू नये. आमचा ससाणा तिसऱ्या झेपेत यशस्वी झाला तेव्हा साडेअकरा वाजले होते आणि निम्मा गट गाडीत जाऊन बसला होता.