पॅनेल की पेटी: खुर्चीतून उठल्यावरचा हिशेब

चोखंदळ श्रोत्यांसाठी बनलेल्या महागड्या स्पीकरांत वाईट वाजणारे जवळजवळ नसतातच. त्यामुळे "चांगला कुठला वाजतो" हा एकच प्रश्न घेऊन निघालात, तर वर्षभर दुकानांचे उंबरे झिजवाल आणि ज्या दिवशी मन खूश असेल त्या दिवशी समोर जे वाजलं ते उचलून आणाल. मी तेच केलं होतं, दोनदा. नऊ वर्षं माझ्याकडे मोठे इलेक्ट्रोस्टॅटिक पॅनेल होते. गेली सहा वर्षं कोनवाल्या, वूफरवाल्या (वूफर म्हणजे खालचे स्वर वाजवणारा मोठा कोन) जाडजूड पेट्या आहेत (बाजाच्या पेट्या नव्हेत, त्या निदान एकट्याला उचलता येतात). मॉडेल सांगत नाही, कारण मला जे खटकलं तो कुठल्या एका कंपनीचा दोष नाही, त्या जातीचा स्वभाव आहे.

आधी पॅनेलचं कौतुक, आणि ते हातचं राखून नाही. दोन जाळ्यांच्या मधे केसाहून कितीतरी पातळ पडदा ताणलेला, त्यावर काही हजार व्होल्टचा भार, आणि सगळा पडदा एकदम हलतो. मागे पेटी नाही, म्हणून पेटीचा घुमाराही नाही. पीटर वॉकर यांच्या क्वाड या ब्रिटिश कंपनीचा पहिला इलेक्ट्रोस्टॅटिक १९५७ साली बाजारात आला आणि तो दुरुस्त करकरून आजही ऐकणारी माणसं आहेत, यातच काय ते आलं. माझे पॅनेल घरी आले त्या रात्री मी एकच आलाप चार वेळा लावला आणि चारही वेळा गाणाऱ्याला सोडून मागच्या तंबोऱ्यालाच कान लावून बसलो. तार छेडल्यावर ती घोडीला चाटत चाटत कशी उघडत जाते, हे मी तोवर फक्त प्रत्यक्ष तंबोऱ्याशेजारी बसून ऐकलं होतं. आजच्या माझ्या पेट्यांवर तंबोरा उत्तम वाजतो. पण ते ऐकू येत नाही, हे कबूल करायला हवं.

पेट्यांचं बलस्थान दुसरीकडे आहे. चुंबकाच्या फटीतली तारेची गुंडाळी कागदी कोनाला ढकलते, ही राइस आणि केलॉग या अमेरिकन इंजिनिअरांनी १९२५ साली मांडलेली युक्ती. आज ट्वीटरला, म्हणजे वरच्या स्वरांच्या छोट्या स्पीकरला, बेरिलियम आलं, हिरा आला, कॅबिनेटला ॲल्युमिनियमच्या जाड पट्ट्या आल्या, पण मूळ यंत्र तेच. मोठी पेटी हवा ढकलते, आणि ते काम पॅनेल कधीच पोटभर करत नाही. पियानोवादकाचा डावा हात पडतो तेव्हा त्या हाताला वजन असतं. पॅनेलवर तबल्याचा बाया स्वच्छ ऐकू यायचा, पेटीवर तो बसल्या जागी अंगाला लागतो.

हॉर्नबद्दल, म्हणजे भोंग्याच्या स्पीकरबद्दल, थोडक्यात. पॉल क्लिप्श यांचा कोपऱ्यात बसणारा हॉर्न १९४६ पासून बनतोय, सेन्सिटिव्हिटी (थोड्या विजेत किती मोठा आवाज, ते माप) शंभर डेसिबलच्या पुढे, दोन-चार वॅटच्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरवरही तो खोली भरून टाकतो. त्याला दोन मोकळे कोपरे लागतात. माझ्या खोलीच्या एका कोपऱ्यात दार आहे.

आता खुर्ची. माझा सगळा निर्णय तिच्यावर फिरला, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

दहा हजार हर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण ३.४ सेंटीमीटर. ती जर अर्धा मीटर रुंद सपाट पडद्यावरून निघाली, तर चहूकडे पसरत नाही, टॉर्चच्या झोतासारखी सरळ जाते. हे पॅनेल बनवणाऱ्यांना पहिल्यापासून ठाऊक आहे. क्वाडनं १९८१ च्या मॉडेलमध्ये इलेक्ट्रोडची, म्हणजे पडद्याला हलवणाऱ्या त्या जाळ्यांची, वर्तुळं करून मधल्यापासून बाहेरच्या प्रत्येक वर्तुळाला आवाज किंचित उशिरा दिला, जेणेकरून तो पडद्यामागच्या एका बिंदूतून निघाल्यासारखा पसरावा. मार्टिन लोगन या कंपनीनं पडदाच वक्र केला. दोन्ही उपायांनी फरक पडतो. माझे पॅनेल सपाट होते.

सुरुवातीला त्या झोताचंच अप्रूप होतं. दोन झोत जिथे मिळतात तिथे डोकं ठेवलं की गायक समोर उभा. हात लांब केला तर लागेल असा. पण डावीकडे वाकून रेकॉर्डचं कव्हर उचललं की गायकही माझ्याबरोबर डावीकडे यायचा, आणि झांजांवर कुणीतरी चादर टाकल्यासारखं व्हायचं. मग मी खुर्चीच्या चारही पायांशी फरशीवर काळ्या टेपचे तुकडे लावले. खोली झाडून-पुसून झाली की खुर्ची परत त्या खुणांवर आणायची, हा माझा नेम. बायको कधी शेजारी येऊन बसायची, पाच-दहा मिनिटांत उठायची. एकदा म्हणाली, "गाणं तुझ्याकडे चाललंय, माझ्याकडे नुसता त्याचा आवाज येतोय." तेव्हा मी हसण्यावारी नेलं. तिच्या जागेवर जाऊन बसायला मला तीन वर्षं लागली, आणि बसलो तेव्हा कळलं की ती अगदी मोजून-मापून बोलली होती.

एवढ्यावर कदाचित मी पॅनेल विकले नसते. एकट्याचा छंद म्हणून निभावलं असतं. पण सातव्या-आठव्या वर्षी एक दिवस टेपची एक खूण निघाली, ती पुन्हा चिकटवायला वाकलो, तर खुर्चीचे पाय खुणांपासून चांगले चार बोटं उजवीकडे. खुर्ची परत खुणेवर सरकवली आणि एक जुनं मोनो रेकॉर्डिंग लावलं. मोनोत दोन्ही स्पीकरांतून एकच आवाज येतो, म्हणून गायक बरोबर मधोमध यायला हवा. तो वीतभर डावीकडे. पहिली शंका माझ्याच कानावर. मग मागे मित्राला धरून दोन्ही पॅनेलची अदलाबदल केली, आणि गायक उजवीकडे झुकला. म्हणजे कान शाबूत होते. आधी उजवीकडे असलेला पॅनेल दमला होता. पडद्यावर भार धरून ठेवणारा लेप झिजतो, भार चढवणारं सर्किट थकतं, आणि हे इतकं हळू होतं की कळत नाही. महिनोन्‌महिने मी नकळत केसाकेसानं उजवीकडे सरकत होतो आणि रोज समाधानानं मान डोलावत होतो.

दुरुस्ती झाली. व्यवस्थित झाली. पण त्यानंतर दर वेळी ऐकायला बसलं की पहिली दोन मिनिटं गायक मधोमध आहे ना, हे बघण्यात जायची. तिथे माझं मन उडालं.

आता न्यायानं बोलायचं तर पेट्यांनाही खुर्ची असतेच. विल्सन कंपनीच्या मोठ्या स्पीकरांत वरचे कप्पे मागेपुढे सरकवता येतात, आणि श्रोत्याचं अंतर न्‌ कानाची उंची मोजून ते बसवतात; म्हणजे तिथेही एक जागा राजाची. माझ्या पेट्यांतही मधली जागा बाकीच्यांपेक्षा सरस आहेच. फरक इतकाच की बाकीच्या जागांवर गाणं मोडत नाही. सोफ्याच्या टोकाला गायक थोडा एका बाजूला जातो, पण गायकच राहतो. स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो तरी तबला तबलाच असतो.

आणि पेट्यांनी मला छळलं नाही असं मुळीच नाही. पाच मीटर लांबीच्या खोलीत साधारण ३४ हर्ट्झला हवा स्वतःच झुलू लागते; पॅनेल तिथवर जोर लावून पोचतच नव्हते, शिवाय पुढून-मागून उलटसुलट आवाज सोडत असल्यानं खोलीला फारसे चेतवतही नव्हते. पेटी मात्र बरोबर तिथेच गुरगुरायला लागली. पहिले चार महिने बेस म्हणजे शेजारच्या खोलीत कुणी कपाट सरकवतंय असा. शंभर किलोंच्या वर वजन, हलवायला तीन माणसं, आणि दर वेळी हलवायची ती इंच-दोन इंच. पंधराव्या-सोळाव्या प्रयत्नात मागच्या भिंतीपासून आणखी वीतभर पुढे ओढल्या तेव्हा ते गुरगुरणं गेलं. मग तळाचे खिळे लावले आणि तेव्हापासून त्यांना हात लावलेला नाही. सहा वर्षांत पहिल्या चार महिन्यांचा त्रास सोडला तर आठवावं असं काही घडलेलं नाही, आणि हे मी स्तुती म्हणूनच लिहितोय.

टिकण्याचा प्रश्न लोक फार विचारतात. पेटीत बघायची ती वूफरची कड: फोमची असेल तर दहा-वीस वर्षांत तिचं पीठ होतं, रबराची पुष्कळ जास्त टिकते. तीच खराब झाली तर निदान दिसते आणि बदलता येते. पॅनेल सतत विजेच्या सॉकेटला जोडलेले असतात, धूळ ओढून घेतात, दमट हवेत मधूनच चट्‌ चट्‌ करतात. त्या चटचटीची सवय होते. न दिसता झिजण्याची मला झाली नाही.

ॲम्पचंही (ॲम्प्लिफायरचंही) थोडं. पॅनेल विजेच्या दृष्टीनं मोठा कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) असल्यानं वरच्या स्वरांत त्याचा इम्पीडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, एक-दोन ओहमपर्यंत उतरू शकतो, आणि चांगले चांगले ॲम्प तिथे तोंड वाकडं करतात. नऊ वर्षांत मी चार ॲम्प बदलले. दर वेळी वाटायचं, हाच कमी पडत होता. पेट्यांना जो ॲम्प पहिल्या दिवशी लावला तोच आहे. नवे कॅटलॉग येतात, चाळतो, बाजूला ठेवतो. हा पेट्यांचा गुण की माझ्या वयाचा, हे छातीठोक सांगता येणार नाही.

तुम्ही एकटे ऐकत असाल, दिवे मालवून, एक खुर्ची, एक तास, आणि गाताना माणसाचे ओठ विलग होतात ते ऐकण्यासाठी जीव टाकत असाल, तर माझं काही ऐकू नका, पॅनेल घ्या. वक्र पडद्याचे मिळाले तर बरं. तसा तास मला आठवड्यातून एकदा मिळतो. बाकीचे सहा दिवस मी टेबलाशी काम करत असतो, दार उघडं असतं, कुणी ना कुणी ये-जा करत असतं आणि गाणं चालू असतं. पॅनेलच्या शेवटच्या वर्षांत मी ऐकायला बसायचो, आणि बसायला जमलं नाही की आठवडा-आठवडा ते बंद. हल्ली बायको माझ्याआधी रेकॉर्ड लावते.

ऐकायला जाल तेव्हा दुकानदार मधल्या खुर्चीत बसवेल. बसा, पहिली दोन गाणी तिथूनच ऐका, मन भरू द्या. तिसरं सुरू झालं की उठा, दारापर्यंत जा, भिंतीला टेकून उभे राहा आणि ते गाणं तिथूनच शेवटपर्यंत ऐका. दुकानदार विचारेल काय झालं. काही नाही म्हणा. बरोबर घरातलं आणखी कुणी आलं असेल, तर तुमच्या रिकाम्या खुर्चीत तेवढ्यात त्यांना बसवा.