लॅपटॉप चालूच होईना : घरी बघायचं, दुकानात टाकायचा, कंपनीत न्यायचा की नवा घ्यायचा?

जानेवारीची १९ तारीख, संध्याकाळचे सहा. दुसऱ्या दिवशी जीएसटीचा ३बी फॉर्म भरायची शेवटची तारीख आणि सांगलीच्या मार्केट यार्डातल्या अकरा हळद व्यापाऱ्यांची रिटर्न माझ्या डोक्यावर. चहाला उठताना लॅपटॉपचं झाकण लावलं होतं. परत येऊन उघडलं तर काळाठिक्कर. बटण दाबलं, परत दाबलं, मग जोर लावून दाबलं. जोर लावून काही होत नाही हे ठाऊक असतं, तरी माणूस लावतोच. लाइट नाही, पंखा नाही, हूं की चूं नाही.

अर्ध्या तासात चार सल्ले आले. मेहुणा म्हणाला, व्हिडिओ बघून घरीच उघड. शेजारचे अण्णा म्हणाले, गावात रिपेअरवाल्याकडे टाका, दोन दिवसांत देतो. पुतण्याचं म्हणणं, कंपनीच्या सेंटरशिवाय कुठं हात लावू देऊ नका. आणि बायको म्हणाली, सहा वर्षं झाली त्याला, आता नवा घ्या.

यातलं कुणीच चुकीचं बोलत नव्हतं. पण चौघंही मशीनबद्दल बोलत होते आणि माझं खरं दुखणं वेगळं होतं. जीएसटीचं पोर्टल कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडतं. टॅलीचा, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा, डेटा मात्र त्या बंद डब्यात होता. म्हणून माझं मत सुरुवातीलाच सांगतो. बंद लॅपटॉप म्हणजे दोन पेशंट, एक मशीन आणि एक फायली. फायलींचं काय करायचं हे ठरल्याशिवाय मशीन कुणाच्या हातात द्यायचं नाही. त्या एका उत्तरानं बाकीच्या तीन पर्यायांचा हिशोब बदलतो.

घरी : फुकट आहे, पण कुठं थांबायचं ते कळलं पाहिजे

पंधरा-वीस मिनिटं घरी घालवायलाच हवीत. दुकानदारही आधी हेच करतो, आणि यातच सुटलं तर त्याला द्यायचे पैसे वाचले.

पहिला प्रश्न, मशीन मेलंय की आंधळं झालंय? दोन्हींत स्क्रीन काळीच दिसते, पण खर्च वेगळा येतो. कॅप्स लॉकचा दिवा लागतो का, पंख्याच्या जाळीपाशी कान लावल्यावर घरघर येते का, हे बघा. खोलीतला दिवा घालवून मोबाइलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका मारा. अंधूक चित्र दिसलं तर मशीन जिवंत आहे, फक्त स्क्रीनमागचा प्रकाश गेलाय. एचडीएमआय केबलनं टीव्हीला जोडल्यावर चित्र आलं तर दोष स्क्रीनचा किंवा बिजागरीतून जाणाऱ्या पट्टी-केबलचा. अशा वेळी कुणी ‘मदरबोर्ड (आतलं मुख्य सर्किट) गेलाय’ म्हणालं तर दुकान बदला.

काहीच हालचाल नसेल तर वीज कुठवर येते ते बघायचं. एक्स्टेन्शन बोर्ड बाजूला ठेवून ॲडॅप्टर थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावा, आणि त्याआधी त्याच सॉकेटला मोबाइल चार्जर लावून वीज आहे ना ते बघा. लॅपटॉपचे बहुतेक गोल पिनचे ॲडॅप्टर १९ ते २० व्होल्टचे असतात. ओळखीच्या इलेक्ट्रिशियनचा मल्टिमीटर मिळाला तर एका मिनिटात कळतं. टाइप-सीवर चार्ज होणारं मशीन असेल तर मोबाइलच्या छोट्या चार्जरवर ते उठेलच असं नाही. ४५ किंवा ६५ वॉटचा, पॉवर डिलिव्हरीवाला चार्जर लागतो आणि केबलही त्या ताकदीची लागते. असे दोन पोर्ट असतील तर दुसऱ्यातही लावून बघा.

मग तो तीस सेकंदांचा उपाय. ॲडॅप्टर काढा, माऊस, पेनड्राइव्ह सगळं काढा, बॅटरी निघणारी असेल तर तीही काढा, आणि पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरा. मग फक्त ॲडॅप्टर लावून चालू करा. हा जादूटोणा नाही. आत बटणाचं ऐकणारी एक वेगळी चिप असते, एम्बेडेड कंट्रोलर. लॅपटॉप बंद असला तरी ती बॅटरीवर जागी असते आणि कधीकधी अडकून बसते. बटण धरून ठेवलं की बऱ्याच मशीनमध्ये ती नव्यानं सुरू होते. झाकण लावून ठेवल्यावर मशीन उठत नसेल तर हाच उपाय आधी करावा. बॅटरी पार उतरली असेल तर अर्धा तास चार्जिंगला लावून मग बघा.

चालू करताना दिवा ठरावीक वेळा लुकलुकत असेल, उदाहरणार्थ दोन वेळा पिवळा आणि तीन वेळा पांढरा, तर मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. तो संकेत असतो आणि कंपनीच्या साइटवर त्याचा अर्थ सापडतो. रॅम, बोर्ड की बायोस, याचा बराच अंदाज तिथंच येतो. बायोस म्हणजे मशीन उठवणारा आतला प्रोग्राम. तो बिघडला असेल तर काही मॉडेलमध्ये तो कीबोर्डवरूनही परत आणता येतो. एचपीच्या बऱ्याच लॅपटॉपवर विंडोज आणि बी ही बटणं धरून पॉवर दाबतात. डेलवर कंट्रोल आणि एस्केप धरून ॲडॅप्टर लावतात.

मागचं झाकण उघडायचं का? वॉरंटी संपली असेल आणि स्क्रू ड्रायव्हरची सवय असेल तर रॅमपर्यंत जायला हरकत नाही. आधी बॅटरीचं कनेक्टर काढायचं, मग रॅमची पट्टी काढून सोनेरी कडा खोडरबरानं हलक्या हातानं पुसायची आणि टक आवाज येईपर्यंत परत बसवायची. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघायची. पातळ मॉडेलमध्ये रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली असते, तिथं हा विषयच संपतो.

दोन ठिकाणी मात्र घरचे प्रयोग बंद. टचपॅड वर उचललेला दिसतोय किंवा लॅपटॉप टेबलावर डुगडुगतोय, म्हणजे बॅटरी फुगलीय. चार्जिंगला लावायचं नाही, दाबायचं नाही. आणि आत पाणी किंवा चहा गेला असेल तर ‘चालतोय का’ म्हणून बटणसुद्धा दाबायचं नाही. २०१९च्या पुरात कृष्णा घरात शिरली तेव्हा लोकांनी वस्तू उन्हात वाळवून लगेच चालू केल्या. पाणी वाळतं, पण गाळ आणि क्षार बोर्डावर राहतात आणि वीज सोडली की तिथंच शॉर्ट होतं. असं मशीन आधी उघडून धुवावं लागतं, आणि ते दुकानातलं काम आहे.

दुकान की कंपनी

खरी ओढाताण इथं होते. वॉरंटी चालू असेल तर मात्र विचार करत बसू नका. खालच्या स्टिकरवरचा सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकला की तारीख कळते. आपल्याला वाटतं संपली, आणि दोन महिने शिल्लक निघतात. सेंटर सांगलीत आहे की कोल्हापूरला जायला लागेल हेही साइटवर पिनकोड टाकून बघता येतं. घरी येऊन दुरुस्त करण्याची वॉरंटी असेल तर पन्नास किलोमीटरची फेरीही वाचते. वॉरंटीत असताना बाहेर उघडून घेतलं तर नंतर वाद होतो. माझ्या मेहुण्यानं तेच केलं आणि मग सेंटरवाल्याशी भांडत बसला. पाणी गेलेलं किंवा आपटलेलं मशीन साध्या वॉरंटीत बसत नाही, हेही लक्षात असू द्या.

वॉरंटी संपली की चित्र उलटं होतं. कंपनीचं सेंटर सहसा बोर्ड दुरुस्त करत नाही, बोर्डच बदलतं. त्यामुळे काम स्वच्छ होतं, भाग अस्सल मिळतो, पावती मिळते आणि बिलही तसंच येतं. माझा लॅपटॉप ५२ हजारांचा. सेंटरनं बोर्डाचा अंदाज दिला २४ हजार. त्यात फसवणूक काही नाही, त्यांची पद्धतच ती. पण त्यांच्याकडे ज्याला ‘बोर्ड गेला’ म्हणतात, ते बऱ्याचदा काही रुपयांचा एक कपॅसिटर, म्हणजे बोर्डावरचा एक बारीक भाग, गेल्यामुळे असतं.

ते मी डोळ्यांनी बघितलं. चिप लेव्हलचं, म्हणजे बोर्डावरचा एकेक भाग शोधून बदलायचं काम करणाऱ्या पोराच्या टेबलाशेजारी स्टूल घेऊन बसलो होतो. त्यानं बोर्ड बाहेर काढला आणि मल्टिमीटर लावला. मुख्य लाइन जमिनीला टेकलेली, म्हणजे शॉर्ट. मग बेंच सप्लाय, म्हणजे व्होल्टेज कमीजास्त करता येणारा वीजपुरवठा घेऊन व्होल्टेज एकवर आणलं. १९ व्होल्ट सोडले तर चांगले भागही जळतील, म्हणाला. आता बोर्डावर आयसोप्रोपिल अल्कोहोल ब्रशनं फासलं आणि त्या लाइनला वीज दिली. आम्ही दोघं वाकून बघत बसलो. सगळा बोर्ड ओला चकचकीत, आणि एका जागी तिळाएवढी खूण झपकन वाळली. जो भाग शॉर्ट असतो तो तापतो आणि त्याच्यावरचं अल्कोहोल आधी उडतं. ‘हा बघा चोर,’ म्हणाला आणि चिमट्यानं तो कपॅसिटर उचलला. शॉर्ट गेला. तसलाच दुसरा जुन्या बोर्डावरून काढून लावला. माझे गेले १८०० रुपये.

आता लगेच ‘दुकानच भारी’ म्हणायला जाऊ नका. चांगला कारागीर मिळाला तर दुकान भारी, एवढंच त्यातून ठरतं. काही ठिकाणी नुसतं मशीन घेतात आणि पुढं दुसऱ्याकडे पाठवतात. म्हणून पहिला प्रश्न हाच, ‘चिप लेव्हलचं काम इथंच होतं का?’ दुसरा, झालं नाही तर तपासणीचे किती? तिसरा, गॅरंटी किती दिवसांची आणि ती पावतीवर लिहून देता का? आधीच एकानं हीट गन मारून बोर्ड भाजला असेल तर पुढचा कितीही हुशार असला तरी त्याच्या हाती फार राहत नाही. म्हणून तीन ठिकाणी फिरवण्यापेक्षा एक ठिकाण नीट निवडावं.

दुकानात प्रोसेसरच्या जवळचा मोठा दोष निघाला, चिप काढून बसवायला लागणार असं म्हणाले, तर मी खर्च करत नाही. चार-सहा महिन्यांत तेच परत उपटण्याची भीती असते आणि गॅरंटी महिन्याची मिळते. चार्जिंगची पिन, जॅक, बायोस, कपॅसिटर, मॉसफेट असे छोटे भाग, इथपर्यंत दुकान परवडतं.

फायलींचं

कंपनीत द्यायचा असो वा दुकानात, एसएसडी, म्हणजे फायली जिच्यात असतात ती पट्टी, आधी काढून घेता येते का बघा. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ती च्युइंगमच्या पट्टीसारखी असते, २२ मिलिमीटर रुंद आणि ८० लांब, एका स्क्रूवर बसलेली. एन्क्लोजरमध्ये, म्हणजे यूएसबीच्या डबीत, घातली की ती पेनड्राइव्हसारखी दुसऱ्या लॅपटॉपला लागते. एनव्हीएमई आणि साटा असे दोन प्रकार असतात, तेव्हा दोन्ही चालतील असंच एन्क्लोजर मागा. स्वस्तातल्या काही मशीनमध्ये आणि नव्या मॅकबुकमध्ये स्टोरेज बोर्डालाच जोडलेलं असतं. तिथं फायली हव्या असतील तर बोर्ड जिवंत करणं हाच मार्ग राहतो, आणि कंपनी बोर्ड बदलते हे वर सांगितलंच.

माझी एसएसडी त्याच रात्री पुतण्याच्या लॅपटॉपला लावली, तर ती ४८ अंकी बिटलॉकर की, म्हणजे विंडोजनं फायलींना लावलेल्या कुलपाची किल्ली, मागायला लागली. ते कधी चालू झालं मला पत्ता नव्हता. नव्या विंडोज लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्यानं साइन-इन केलं की बऱ्याचदा ते आपोआप चालू होतं. की त्याच खात्यात ठेवलेली असते. मोबाइलवरून लॉगिन करून काढली. कंपनीनं बोर्ड बदलला तरी हीच की विचारली जाते, म्हणून मशीन द्यायच्या आधी ती कागदावर उतरवून ठेवा. आणि सेंटरच्या फॉर्मवर ‘डेटाची जबाबदारी ग्राहकाची’ असं छापलेलं असतं. सही करण्याआधी ते वाचा.

नवा

नवा घ्यावा असं मला दोनच वेळा वाटतं. एक, दुरुस्तीचा खर्च आजच्या तशाच मशीनच्या किमतीच्या अर्ध्यावर गेला. दोन, मशीनच फार जुनं आहे. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला साधारणपणे इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. २०१७च्या आधीच्या लॅपटॉपवर बोर्डासाठी दहा हजार घालणं म्हणजे जुन्या स्कूटरला नवं इंजिन बसवणं. लिनक्स चालवणाऱ्याची गोष्ट वेगळी. जीएसटी नंबर असेल आणि मशीन धंद्यासाठी असेल तर नव्यावरच्या १८ टक्के जीएसटीचं क्रेडिट मिळतं, तेही हिशोबात धरा. कॉलेजच्या पोरासाठी असेल तर कंपन्यांनी काढून टाकलेले, पक्क्या पावतीचे रिफर्बिश्ड लॅपटॉप बघायला हरकत नाही, फक्त बॅटरी बदलायची तयारी ठेवा.

घाई आहे म्हणून मात्र नवा घेऊ नका. २० तारखेला मी सगळी रिटर्न पुतण्याच्या मशीनवरून भरली. त्यामुळे माझा लॅपटॉप चार दिवस निवांत दुकानात पडून राहिला आणि सेंटरच्या २४ हजारांना ‘नको’ म्हणायला मला वेळ मिळाला. तारीख मानगुटीवर असती तर होच म्हणालो असतो.

न्यायला गेलो तर त्या पोरानं पंख्यातून निघालेला पिवळा भुगा कागदावर काढून ठेवला होता. जाळी पार बुजलेली, म्हणाला, यार्डातली मशीनं उघडली की लगेच ओळखू येतात. मग कागद नाकाशी नेऊन विचारलं, ‘काका, ही राजापुरी ना?’